फोर बाय फोरला मोठे टायर बसवायचेत? आधी मोजा, मग पैसे मोजा

पावसाळा तोंडावर आला की थार, जिम्नी, गुरखा किंवा व्ही-क्रॉसवाले टायरच्या दुकानात जातात, "बसेल तेवढा मोठा टाक" म्हणतात आणि दोन तासांत बाहेर पडतात. मग घासण्याचे आवाज, जड स्टिअरिंग, पडलेलं ॲव्हरेज आणि घाटात तापणारे ब्रेक असं एकेक करत पुढे येतं. टायर मोठा असणं ही चूक नाही. चूक असते ती क्रमात: आधी खरेदी होते आणि मोजमाप नंतर. खालचे टप्पे याच क्रमाने करा. मधला एखादा गाळलात तर पुढच्याचा उपयोग नाही.

टप्पा १: गाडी नेमकी कुठे अडते ते लिहून काढा

मागच्या चार-पाच ट्रिप आठवा. राजमाचीचा उधेवाडीपर्यंतचा दगडी रस्ता, मुळशीच्या आतल्या वाटा, वेल्ह्याकडचे कच्चे चढ, दौंड-इंदापूरकडची काळी माती, जिथे जिथे गाडी थांबली ते ठिकाण आणि कारण कागदावर उतरवा. कारण बहुतेक वेळा या तिघांपैकी एक असतं.

पहिलं, गाडीचं पोट किंवा मागच्या ॲक्सलचा गोळा, म्हणजे डिफ, दगडाला टेकला. दुसरं, चाक जागच्या जागी फिरत राहिलं. तिसरं, इंजिनाने चढावर मान टाकली.

मोठ्या व्यासाचा टायर यातल्या फक्त पहिल्या दुखण्यावर औषध आहे, आणि डिफच्या बाबतीत त्याला पर्यायही नाही. थार किंवा जिम्नीसारख्या गाडीला मागे सलग ॲक्सल असतो. लिफ्ट किट लावून बॉडी कितीही उचलली तरी डिफ आहे तिथेच राहतो. त्याला जमिनीपासून वर नेतो तो टायरच.

चाक जागेवर फिरत असेल तर प्रश्न टायरच्या नक्षीचा आणि हवेचा असतो, व्यासाचा नाही. चढावर दम जात असेल तर मोठा टायर उलट त्रास वाढवतो. का, ते तिसऱ्या टप्प्यात आकड्यांसह येईल.

तपासा: आहे त्याच टायरची हवा १८ ते २० पीएसआयवर आणून तोच अवघड तुकडा एकदा सावकाश चालवून पाहा. टायर पसरतो, दगडाला धरतो आणि गाडी मऊ चालते. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची अडचण इथेच संपली. त्यांना टायर नाही, हवेचा चांगला मीटर आणि छोटा कंप्रेसर हवा होता.

सावध: साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका. वळणावर टायरची कड रिमवरून सुटते. हवा कमी असताना ३० ते ४० च्या वर वेग नको. डांबरी लागण्याआधी हवा परत भरा, गावातला पंप येईपर्यंत थांबू नका.

टप्पा २: आहे ते मोजा

सपाट फरशीवर गाडी लावा, हवा नेहमीइतकी ठेवा आणि पाच गोष्टी वहीत उतरवा.

१. टायरवरचं पूर्ण माप, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) आणि कमाल वेगाचं अक्षर. उदाहरणार्थ २४५/७५ आर १६, १११ एस.
२. रिमची रुंदी. रिमवर, बहुधा आतल्या बाजूला, ७ जे असं काहीतरी कोरलेलं असतं. ऑफसेटचा, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं त्याचा, ईटी आकडाही तिथेच सापडतो.
३. टायरचा माथा आणि वरच्या आर्चमधलं (चाकावरच्या कमानीमधलं) अंतर, चारही चाकांना.
४. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे असताना पुढच्या चाकाच्या सगळ्यात जवळ काय आहे: बंपरचा कोपरा, आतलं प्लॅस्टिक, मडफ्लॅपची पट्टी की सस्पेन्शनचा दांडा. अंतर मिलिमीटरमध्ये लिहा.
५. एका चाकाचं रिमसकट वजन. घरातला माणसांचा वजनकाटा चालतो. आधी स्वतःचं वजन करा, मग चाक धरून.

पाचवं मोजमाप जवळजवळ कुणीच करत नाही आणि नंतर सगळ्यात जास्त पश्चात्ताप त्याचाच होतो. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं आणि ते फिरतंही. दर ब्रेकला ते थांबवायचं, दर सिग्नलला पुन्हा फिरवायचं. चारही चाकांना सात-आठ किलो वाढलं तर तो फरक डिकीत एक पाहुणा बसवल्यासारखा नसतो. खड्ड्यात चाक खाली जाऊन परत येईपर्यंत शॉक ॲब्जॉर्बरची दमछाक होते. स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं आणि बेअरिंग लवकर झिजतात.

टप्पा ३: कागदावर हिशेब

टायरचा व्यास काढणं सोपं आहे. रुंदीला टक्क्यांनी गुणा, दुप्पट करा आणि त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा.

२४५/७५ आर १६ घेऊ. २४५ चे ७५ टक्के म्हणजे १८३.७५, त्याची दुप्पट ३६७.५. रिम १६ इंची, म्हणजे ४०६.४. बेरीज साधारण ७७४ मिलिमीटर. याच रिमच्या व्यासावर २६५/७५ घेतलं तर ८०४ होतात आणि २८५/७५ घेतलं तर ८३४. शेवटचं माप म्हणजे ज्याला सगळे "तेहतीसचा टायर" म्हणतात तो.

आता यातून काय मिळतं आणि काय जातं ते शेजारी शेजारी मांडा.

२८५ च्या टायरने व्यास ६० मिलिमीटर वाढला, पण डिफ त्याच्या निम्मा, म्हणजे ३० मिलिमीटरच वर गेला. जेमतेम बोटाचं एक पेर. दगडी वाटेवर हे पेर मोलाचं असतं, ते मी नाकारत नाही. मात्र "दोन इंच मोठा टायर, दोन इंच उंची" असं डोक्यात धरून दुकानात गेलेल्याला मिळतं त्याच्या निम्मंच.

त्याच टायरने परीघ पावणेआठ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे सगळे गिअर तेवढे लांब झाले. पहिल्या गिअरमध्ये चढावर ओढ कमी, हाफ क्लचवर खेळ जास्त, क्लच प्लेटचं आयुष्य कमी. लो रेंज (चढासाठी जास्त ओढ देणारे वेगळे गिअर) असल्याने जंगलात निभावतं, पण कात्रजच्या चढावर ट्रॅफिकमध्ये लो रेंज लावत नाही आपण. ताकदवान डिझेल इंजिन हे पचवतं. जिम्नीच्या दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनाला तेवढाच फरक जास्त जाणवतो. तिच्या १९५/८० आर १५ वरून २३५/७५ आर १५ वर गेलात तर व्यास ६९३ वरून साधारण ७३४ होतो, जवळजवळ सहा टक्के. ओव्हरटेक करताना ते लगेच कळतं.

ब्रेकचंही तसंच. डिस्क तीच, कॅलिपर तेच, पण चाकाची त्रिज्या वाढली, म्हणून जमिनीवर लागणारा जोर त्याच प्रमाणात घटतो. शिवाय थांबवायचं वजन वाढलं. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर अवजड ट्रकचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात पुणेकराला वेगळे सांगायला नकोत. आपली गाडी हलकी आहे, म्हणून तापणाऱ्या ब्रेकचं शास्त्र बदलत नाही. ताम्हिणी किंवा वरंध उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरायची सवय नसेल, तर मोठा टायर घेण्याआधी ती लावून घ्या.

वेगाचा काटाही फसवतो. कागदी हिशेबाने २८५ च्या टायरवर काटा ९५ दाखवताना गाडी १०२ ला असते, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर घाट सोडला तर कारची मर्यादा १०० आहे. कंपनीचा काटा मुळात थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे खरा फरक जीपीएसवर मोजूनच कळेल.

ॲव्हरेजच्या बाबतीत एक गोंधळ नेहमीचा. मोठ्या टायरवर किलोमीटर कमी मोजले जातात. २८५ च्या टायरला काट्यावर १०,००० दिसले तर प्रत्यक्षात १०,७७५ झालेले असतात. म्हणून या टायरचं ॲव्हरेज काढताना काट्यावरच्या किलोमीटरला १.०७७५ ने गुणा. ते न करता "ॲव्हरेज फारच पडलं" म्हणणारे अर्धा दोष चुकीच्या जागी देतात. अर्धा खरा असतोच.

तपासा: व्यासातली वाढ तीन-चार टक्क्यांच्या आत असेल तर सस्पेन्शन, गिअर आणि ब्रेकला हात न लावता गाडी बहुधा ठीक चालते. त्यापुढे गेलात की टायरच्या पैशांत आणखी कशाकशाचा खर्च मिळवावा लागेल, याची यादी आधी करा. रोज कोथरूड ते हिंजवडी करून महिन्यातून एकदा मुळशीत जाणाऱ्याला मी २६५ च्या पुढे जाऊ देणार नाही.

टप्पा ४: कायदा आणि विमा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात नोंदणीच्या विरुद्ध बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल चालणार नाही, असं स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

सुरक्षित वाट एकच: गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असलेलं माप, किंवा कंपनी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला देते ते माप. २०२० च्या थारमध्ये एका व्हेरियंटला २४५/७५ आर १६ आणि दुसऱ्याला २५५/६५ आर १८ येतो. दुसऱ्याचा व्यास ७८९, म्हणजे १५ मिलिमीटर जास्त. याच्या बाहेर जायचं ठरवलंत तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर घ्या. तोंडी "चालतं हो साहेब" याला क्लेमच्या वेळी किंमत नसते. वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरकडूनही लेखी घ्या. बेअरिंग किंवा गिअरबॉक्सचं काम निघालं की पहिलं बोट टायरकडे जातं.

सावध: टायरचा भाग आर्चच्या बाहेर डोकावत असेल तर कायद्याचा प्रश्न तर आहेच, शिवाय मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर तुम्ही दगड आणि चिखल उडवता. ते माझ्या दृष्टीने जास्त वाईट.

टप्पा ५: टायर निवडणं

नक्षी: सह्याद्रीतल्या दगड-मुरमाच्या वाटा आणि शहर असं मिश्र चालवणं असेल तर ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या रस्त्यांसाठीची नक्षी. मड-टेरेनच्या, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरच्या, मोठ्या ठोकळ्यांमधून चिखल फेकला जातो, त्यामुळे काळ्या मातीत तो खरंच चालतो. ऑल-टेरेनच्या खाचा तिथे भरतात आणि टायरचा मातीचा गोळा होतो. पण ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर मड-टेरेनचं रबर कमी टेकतं आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. वर्षातून दोनदा लागणाऱ्या चिखलासाठी रोजच्या ओल्या रस्त्यावरची पकड देऊन टाकू नका.

रुंदी: रुंद टायर वाळूत आणि मऊ जमिनीवर तरंगतो. वरचा चिखल पातळ आणि खाली कडक जमीन असेल, तर अरुंद टायर चिखल कापून खाली पोचतो आणि पकड घेतो. आपल्याकडे बऱ्याच जागी तसंच असतं. म्हणून उंची हवी असेल तर उंचीच घ्या, रुंदी नको.

लोड इंडेक्स: मूळपेक्षा कमी कधीही नाही. १११ म्हणजे एका टायरला १,०९० किलो. वेगाच्या अक्षरात क्यू म्हणजे १६०, आर १७०, एस १८०, टी १९०.

रिम: २८५ च्या टायरला सहसा साडेसात इंच किंवा त्याहून रुंद रिम लागतो. मूळचा अरुंद रिम असेल तर टायर मधोमध फुगतो आणि मध्येच झिजतो.

तारीख: साइडवॉलवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर पाहा, एकच नाही.

संख्या: पाच. स्टेपनी त्याच मापाची हवीच.

यावर मी जोर देतो त्याला कारण आहे. एका जुलैत मी चार मोठे टायर बाहेर काढलेल्या ऑफसेटच्या रिमवर बसवले आणि स्टेपनी जुनीच ठेवली. ताम्हिणीत वळणावर पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं, स्प्रिंग दाबून गाडी खाली बसली आणि मडफ्लॅप धरणारी लोखंडी पट्टी टायरच्या आतल्या बाजूला लागली. आवाज फारसा आला नाही, जळक्या रबराचा वास आला. उतरून मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर साइडवॉलवर वीतभर चकचकीत पट्टा आणि मधोमध बोट शिरेल एवढी चीर. स्टेपनी ६० मिलिमीटर लहान. फोर व्हील लावायची सोय नाही, कारण पुढच्या दोन चाकांचा परीघ वेगळा झाला की ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत) ताण साठतो. गाडी डावीकडे ओढत होती, पाऊस ओतत होता आणि मागच्या सीटवर मुलं होती. पौड येईपर्यंत २५ च्या वर गेलो नाही. दुकानात पूर्ण लॉकवर, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून, चाक फिरवून "घासत नाही" असं दाखवलं होतं. सपाट फरशीवर ते खरंही होतं.

टप्पा ६: एकच चाक लावून चाचणी

पाचही टायर रिमवर चढवण्याआधी एक चाक उसनं मिळवा. त्याच मापाची, त्याच नटांच्या मांडणीची गाडी असलेला मित्र शोधा, किंवा दुकानदाराशी आधीच ठरवा की एक टायर चढवून पाहू, घासला तर माप बदलू.

१. पुढे डावीकडे चाक लावा. गाडी जमिनीवर असताना दोन्ही बाजूंना पूर्ण लॉक करा.
२. दुसऱ्या टप्प्यात ज्या ठिकाणी अंतर कमी निघालं होतं तिथे कणकेचे घट्ट गोळे चिकटवा. प्लॅस्टिसिनही चालतं, पण कणीक घरात असते.
३. तेच चाक एखाद्या भक्कम उंचवट्यावर, रॅम्पवर किंवा बांधावर चढवा, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दाबली जाईल. हळू जा, बाहेर एक माणूस उभा ठेवा.
४. त्या अवस्थेत स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवा.
५. खाली उतरून कणकेची उरलेली जाडी मोजा.
६. हेच पुढे उजवीकडे आणि मागे करा.

बोटाच्या जाडीपेक्षा कमी कणीक उरली तर मी ते माप सोडतो. चिखल चिकटला की टायर आणखी जाड होतो, हे धरूनच.

सावध: घासतंय म्हणून लगेच स्पेसर (रिमच्या मागे बसवायची जाड चकती) लावू नका. चाक बाहेर सरकलं की आतलं घासणं थांबतं, पण बंपरच्या कोपऱ्याला लागणं सुरू होतं आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. स्टिअरिंगचा स्टॉप बोल्ट पुढे काढून लॉक कमी करणारेही भेटतील. मग गाडी पेठेतल्या बोळात एका दमात वळत नाही आणि घाटातल्या अरुंद वळणावर रिव्हर्स घ्यावा लागतो.

तपासा: सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर ट्रेची रुंदी आणि वजनमर्यादा याच दिवशी पाहून घ्या. मागच्या दारावर स्टेपनी असेल तर जड चाकाने दाराचे बिजागर खाली बसतात का, तेही.

टप्पा ७: बसवणं

इथे फार सांगण्यासारखं नाही, पण समोर उभे राहा. वॉल्व्ह नवे टाका. बॅलन्सिंग पाचही चाकांचं करा. नट आडव्या-उभ्या क्रमाने हाताने लावून शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुस्तिकेतल्या आकड्याला घट्ट करायला सांगा. हवेच्या गनने ठोकून सोडून देऊ देऊ नका. त्यानंतर लगेच अलायनमेंट.

हवा किती? टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोजचा नाही. मूळ शिफारशीपासून सुरुवात करा आणि खडूची चाचणी घ्या. टायरवर आडवी जाड रेघ ओढा, सरळ सपाट रस्त्यावर थोडं अंतर चालवा आणि पाहा. मधला खडू आधी गेला तर हवा जास्त, कडांचा गेला तर कमी. पूर्ण रेघ सारखी पुसली की तो आकडा लिहून ठेवा. हवा नेहमी गार टायरवर, सकाळी निघण्याआधी मोजा.

टप्पा ८: पहिले ५०० किलोमीटर

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्कला तपासा. रिम नवे असतील तर हे टाळूच नका.

रिकाम्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ६० वरून जोरात ब्रेक दाबून पाहा. गाडी सरळ थांबते का, आधीपेक्षा किती पुढे जाते, ते पाहा आणि समोरच्या गाडीपासूनचं अंतर त्याप्रमाणे वाढवा. एबीएसचा किंवा ट्रॅक्शनचा दिवा लागून राहत असेल तर सर्व्हिस सेंटर गाठा.

मग चार माणसं आणि सामान भरून एक सिंहगड घाट करा. उतरल्यावर चाकाजवळ वास घ्या आणि तळहात रिमपासून दूर धरून उष्णता पाहा, हात लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल तर ब्रेक किंवा बेअरिंग उघडून बघायला हवं.

शेवटी टॉर्च घेऊन गाडीखाली जा. आतल्या प्लॅस्टिकवर, दांड्यांवर आणि चारही साइडवॉलच्या आतल्या बाजूला चकचकीत घासल्याच्या खुणा शोधा. खूण दिसली तर ट्रिप रद्द करा आणि सहाव्या टप्प्यावर परत जा. ही तपासणी होईपर्यंत जुने टायर विकू नका. दुकानदार तिथल्या तिथे परत घेतो म्हणाला, तरी घरी आणून उभे करून ठेवा.